आधी टायर, मग बाकीचं

कॉलेजच्या पार्किंगमध्ये मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : "तुझ्या स्विफ्टला काय काय लावलंयस रे?" मी म्हणतो, "टायर." विचारणाऱ्याला वाटतं, मी टोलवतोय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. वाङ्मय मंडळाच्या अंकात कथा-कवितांच्या शेजारी सायलेन्सरची चर्चा शोभेल का, ही शंका मलाही होती. पण संपादिका म्हणाल्या, "लिही. निदान एक लेख तरी मुलगे शेवटपर्यंत वाचतील."

गाडी बाबांची. २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय. ११९७ सीसीचं इंजिन, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ८७ पीएस ताकद आणि ११४ न्यूटन-मीटर टॉर्क. बाबा ती घरापासून डिचोलीच्या बाजारापर्यंत आणि परत एवढीच चालवायचे, त्यामुळे माझ्या हातात आली तेव्हा नऊ वर्षांची असूनही नवी वाटावी अशी होती. लायसन्स मिळालं, शिकवण्यांचे थोडे पैसे जमले आणि डोक्यात एकच खूळ बसलं : गाडी 'बनवायची'.

पहिल्या फेरीत दोन वस्तू घेतल्या. मोठ्या तोंडाचा सायलेन्सर आणि शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर. बसवून देणाऱ्याने सांगितलं, "दहा-पंधरा हॉर्सपॉवर कुठे जात नाही." गाडी सुरू केली आणि अंगावर काटा आला. काय तो आवाज! दोन दिवस मला खरोखर वाटत होतं की गाडी आता धावतेय. मग एका रविवारी सकाळी मित्राला शेजारी बसवलं आणि मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ४० पासून ७० पर्यंत जायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या घड्याळावर मोजलं. पुढच्या रविवारी जुना फिल्टर आणि जुना सायलेन्सर परत लावून त्याच रस्त्यावर पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा दहा-दहा फेऱ्या. फरक निघाला तो मित्राचं बोट इकडेतिकडे होण्याएवढा, आणि तोसुद्धा कधी नव्या सामानाच्या बाजूने, कधी जुन्याच्या.

असं का, ते समजायला इंजिनकडे हवेचा पंप म्हणून बघावं लागतं. पेट्रोल जाळायला ऑक्सिजन लागतो. आत जितकी हवा जाईल त्या हिशेबात संगणक पेट्रोल सोडतो, आणि तेवढीच ताकद मिळते. कंपनीचा फिल्टर हवेला अडवतो हे खरं, पण अगदी थोडं. आणि जे काही अडतं ते इंजिन पाच-सहा हजार फेऱ्यांवर किंचाळत असताना जाणवायचं. आपण म्हापशाच्या बाजारातून जातो दोन हजारांवर. उलट माझ्या उघड्या फिल्टरने एक नुकसानच केलं. कंपनीची नळी हवा पुढून, जाळीच्या मागून, बाहेरची थंड हवा घेते. माझा फिल्टर बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनच्या शेजारी बसून तिथलीच गरम हवा ओढत होता. हवा तापली की विरळ होते. बाहेर ३० अंश आणि बॉनेटखाली ६० अंश धरले, तर तेवढ्याच जागेत मावणारी हवा नऊ टक्क्यांनी कमी. तापमान केल्विनमध्ये घ्या, ३०३ ला ३३३ ने भागा, बारावीचं गणित आहे. मी पैसे मोजून इंजिनला गरम श्वास घ्यायला लावला होता.

सायलेन्सरचंही तसंच. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं कानाला वाटतं. मोजायला गेलं की दिसत नाही. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनात बाहेरून काहीबाही लावून फारसं हाती लागत नाही, हे मी आता खात्रीने सांगतो.

टर्बोवाल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे संगणकातले आकडे बदलले, म्हणजे ज्याला रिमॅप म्हणतात ते केलं, की हवेचा दाब आणि इंधन दोन्ही वाढतं आणि फरक पाठीला जाणवतो. माझ्या एका मित्राच्या डिझेल स्विफ्टला ते केलंय, आणि ती पळते, नाकारत नाही. पण त्याला मी एक गोष्ट दाखवली. त्याच्या गाडीतलं फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटरचं. तेच इंजिन मारुतीने एर्टिगात ९० पीएस आणि २०० न्यूटन-मीटरचं करून दिलं. पण ते करताना कंपनीने नुसते आकडे बदलले नाहीत, टर्बोचार्जरच वेगळ्या जातीचा बसवला. तो खर्च कंपनीला हौस म्हणून करायचा नव्हता. रिमॅपवाला टर्बो तोच ठेवतो, क्लच तोच ठेवतो आणि त्यांच्याकडून जास्त काम घेतो. बिल नंतर येतं. मित्राच्या क्लचचं आलं.

आता टायरकडे येतो.

त्या वर्षी चवथ झाल्यावर आई आणि मी मामाकडे बेळगावला गेलो होतो. परत येताना चोर्ला घाटात पाऊस. मुसळधार नव्हता, बारीक रिपरिप होती, अंजुणे धरण अधूनमधून धुक्यातून दिसत होतं. केरीकडे उतरताना एका डाव्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळलीच नाही. वेग चाळीसच्या आसपास असेल. पुढची चाकं डावीकडे वळलेली आणि गाडी सरळ चाललेली, रस्त्याच्या उजव्या अंगाला. मी सगळ्यांना येते तीच बुद्धी वापरली आणि ब्रेक दाबला, त्याने ती आणखीच सरळ गेली. मग पाय कसा सुटला ठाऊक नाही, पण सुटला, आणि चाकांनी रस्ता परत धरला. गाडी पलीकडच्या बाजूला, कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्या अर्ध्या मिनिटात समोरून काही आलं नाही. पुढच्या वळणावरून एक बस वर आली, ती आम्ही बाजूला उभे असताना. आई काही बोलली नाही. तिने दारावरच्या मुठीला धरलेला हात घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.

सायलेन्सर मात्र उतारभर मस्त वाजत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाड्यावरच्या मेस्तांकडे गाडी नेली. मला वाटत होतं, स्टिअरिंगमध्ये काही बिघाड असणार. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. उकिडवे बसले, टायरच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवून बघितलं आणि म्हणाले, "हे वाच." टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे होते : ३११३. अर्थ असा की टायर २०१३ सालच्या ३१ व्या आठवड्यात बनला. म्हणजे गाडीबरोबर कारखान्यातून आलेले टायर, नऊ वर्षांचे. नक्षी शाबूत, कारण बाबांनी चालवलीच कमी. नक्षी बघूनच मी त्यांना चांगलं समजत होतो.

रबर रस्ता धरतं ते मऊ असतं म्हणून. डांबराचा पृष्ठभाग जवळून बघा, तो खडबडीत असतो. मऊ रबर त्या खाचाखोचांत दबून बसतं आणि पकड मिळते. ऊन, हवेतला ऑक्सिजन आणि वर्षं यांनी रबर कडक होत जातं, बाजूला बारीक भेगा पडतात. कोरड्या रस्त्यावर कळत नाही, ओल्यावर कळतं. आमच्या डिचोली-साखळीच्या भागात तर रस्त्यावर लाल मातीचा थर असतो, पहिल्या सरी आल्या की त्याचं बुळबुळीत सारवण होतं. तुमच्या गाडीचे ते चार आकडे आज घरी गेल्यावर वाचा. लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मेस्तांनी मग एक प्रश्न केला. "हजार किलोची गाडी जमिनीला किती टेकते?" मी घरी येऊन हिशेब मांडला. एका चाकावर २५० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार ११९ चौरस सेंटिमीटर, साधारण पंजाएवढी जागा. असे चार पंजे. इंजिन काय ओढायचं ते, ब्रेक काय थांबवायचं ते, स्टिअरिंग काय वळवायचं ते त्या चार पंजांतून करतं. इंजिनला आणखी वीस घोडे जोडले तरी ते जाणार याच चार पंजांमधून. कोईमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी केली. इंजिन आपल्या शेजारच्या काकांच्या गाडीतलंच. पण गाडी हलकी आणि जमिनीलगत, म्हणून शर्यतीत धावू शकली.

टायर बदलायचे ठरल्यावर माप बदलावं का, हा प्रश्न आला. इथे एक छान सोय आहे. माझ्या व्हीएक्सआयला कंपनीचं माप १६५/८० आर १४. वरच्या झेडएक्सआयला कंपनीनेच दिलेलं माप १८५/६५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचांत. आता पूर्ण चाकाचा व्यास काढा. पहिल्याचा ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून स्पीडोमीटर खोटा पडत नाही, चाक कुठे घासत नाही, आणि बाजूची भिंत १३२ वरून १२० मिलिमीटरवर आल्यामुळे वळताना टायर कमी मुडपतो, स्टिअरिंगचं म्हणणं लवकर ऐकतो. 'अपसाइज' करायचंच असेल तर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने काय दिलंय ते बघा आणि तिथेच थांबा. मी तेच केलं. चार टायर आणि झेडएक्सआयचे वापरलेले रिम मिळून सायलेन्सर-फिल्टरपेक्षा थोडे जास्त पैसे गेले.

सतरा इंची रिमचा मोह मलाही होता. फोटोत सुंदर दिसतात. पण मोठा रिम बहुधा जड असतो, आणि चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं वजन असतं. खड्ड्यावरून उडालेलं जड चाक लवकर परत जमिनीला टेकत नाही, आणि हवेतलं चाक ना वळवतं ना थांबवतं. शिवाय भिंत इतकी पातळ की पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते थेट रिमवर आदळणार.

रुंद टायर पावसातही चांगला, हा आणखी एक गैरसमज. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागतो त्याला नक्षीची खोली आणि हवेचा दाब जास्त कारण असतात. रुंदीने उलट पाणी बाजूला सारणं कठीण होतं. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक साधं सूत्र काढलं : पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये. नक्षी गेलेल्या टायरात ३० पीएसआय असेल तर पुरेसं पाणी साचलेल्या रस्त्यावर ताशी ९१ किलोमीटरच्या आसपास तो तरंगतो. तोच २० पीएसआयवर ७४ ला. म्हणजे हवा कमी असणं हा काही मायलेजपुरता विषय नाही. माझं घाटातलं घसरणं मात्र या प्रकारातलं नव्हतं. तिथे वेगही नव्हता आणि पाणीही साचलेलं नव्हतं. तिथे नुसतं रबर मेलेलं होतं.

टायरनंतर मेस्तांनी गाडी वर उचलून पहार घातली आणि लोअर आर्मचे बुश दाखवले. हे रबराचे गोळे चाकाला जागच्या जागी धरून ठेवतात. माझे चिरलेले होते. पहार जराशी दाबली की चाक मागे-पुढे हलायचं. त्यावर अलाइनमेंट करून काय उपयोग? बुश बदलले, पुढचे शॉकॉप गळत होते ते कंपनीचेच नवे घातले, आणि मग अलाइनमेंट. अलाइनमेंटमध्ये मुख्यतः बघतात ते दोन्ही पुढची चाकं एकमेकांशी समांतर आहेत की बोटं आत-बाहेर वळवून उभ्या माणसासारखी आहेत ते. काही मिलिमीटरचा फरक, पण स्टिअरिंगचा स्वभाव पालटतो आणि टायर एका कडेने झिजायचा थांबतो. या सगळ्यात 'मॉडिफिकेशन' काहीच नाही. दहा वर्षांच्या गाडीला कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करणं, एवढंच. पण मी चालवलेला सगळ्यांत मोठा बदल हाच. डिकीतलं नारळांचं पोतं काढलं तेही यातच धरा. तीसेक किलो फुकटात कमी झाले, बाबा अजून नाराज आहेत.

गाडी खाली बसवण्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण पार्किंगमध्ये अशा दोन उभ्या असतात. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी झुकते, हे शास्त्र बरोबर आहे. पण साध्या गाडीचा गुरुत्वमध्य साधारण अर्ध्या मीटरवर असतो. तीन सेंटिमीटर खाली आणून पाच-सहा टक्के फायदा. त्यासाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकॉप घेतले तर ठीक. इथे मात्र ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापून देतात. सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग वीस टक्क्यांनी कडक होते, कारण तेवढंच वजन आता कमी तारेवर पडतं. शॉकॉप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशेबाचा. तो तिला आवरू शकत नाही, गाडी उड्या मारते. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाकाला वर जायला जागा कमी उरते, म्हणून भर वळणावर खड्डा आला की रबराच्या ठोकळ्यावर आपटून त्या चाकाची पकड एकदम सुटते. आणि चाकांचे कोन बदलतात ते वेगळंच. हे ज्या दोघांसाठी लिहिलंय त्यांना कळलं असेल. रागावू नका, घाटात जाऊ नका एवढंच म्हणतो.

ब्रेक. आपल्या गाड्यांचे ब्रेक लहान नसतात, जुने असतात. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं, आणि गोव्याच्या हवेत वाफेला तोटा नाही. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश. पाणी मुरलेल्याचा १४० वर येतो. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. आता घाट उतरताना काय होतं ते बघा. गाडी आणि माणसं मिळून अकराशे किलो, उतार उंचीत सहाशे मीटर. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये गेली तर तेवढ्या उष्णतेत वीस लिटर पाणी उकळेल. पुढच्या दोन डिस्कवर आणि मागच्या दोन ड्रमवर एवढी आग टाकली तर ऑइलमध्ये बुडबुडे होतात, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून ऑइल दोन वर्षांनी बदलायचं आणि उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरायचा. ट्रकवाले हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. चांगल्या प्रतीचे पॅड घालायला हरकत नाही. पण शर्यतीचे नको, ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि बाजारात गाय समोर आली तेव्हा तापलेले नसतात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातले तपशील निर्मात्याने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. मी हे सायलेन्सर लावल्यानंतर वाचलं.

आता पुढच्या पगारात, म्हणजे शिकवण्यांच्या, मागचे शॉकॉप. ते अजून गळत नाहीत, पण थकलेत. स्पीडब्रेकरनंतर मागची बाजू दोनदा हलते, एकदाच हलायला हवी. चतुर्थीनंतर मामाकडे पुन्हा जायचंय. आई येते म्हणालीय, पण आधी तिने अंगणात जाऊन टायरवरचे आकडे स्वतः वाचले, चारही चाकांचे. सायलेन्सर पडवीत पडून आहे. कुणी मागितला तर देणार नाही.